आपद्ग्रस्तांच्या मनाची उभारी: किल्लारीच्या अनुभवातून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की किल्लारी भूकंपाची आठवण वृत्तपत्रांतून निघते, आणि गेल्या काही वर्षांत त्या लेखनाचा सूर जवळजवळ ठरून गेला आहे. गावे जमीनदोस्त झाली, घरटी माणसे गेली, पण भूकंपग्रस्तांनी हार मानली नाही, ते जिद्दीने पुन्हा उभे राहिले, असे त्यात लिहिलेले असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सीनेच्या पुराने धाराशिव-सोलापूर भागातील गावे पाण्याने वेढली, तेव्हा तर पाणी ओसरण्याआधीच पूरग्रस्तांच्या खंबीरपणाचे कौतुक सुरू झाले होते. भूकंप झाला त्या वेळी मी लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि पुढची बरीच वर्षे भूकंपग्रस्त गावांतच शिकवत राहिले. त्या अनुभवावरून मला या कौतुकाबद्दल काही सांगायचे आहे. माणसे सावरतात हे खरे आहे, काही जण तर आधीपेक्षा अधिक समर्थ होतात हेही मी पाहिले आहे. परंतु ते कशामुळे होते आणि त्याला किती काळ लागतो, याचा विचार न करता नुसते कौतुक केले, तर ज्यांना सावरता आले नाही त्यांच्यावर तो अन्याय ठरतो, आणि शासनालाही आपले काम संपले असे मानायला निमित्त मिळते.

ज्या वाचकांचा जन्मच १९९३ नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. आदल्या रात्री गणेश विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या, लोक दमून झोपले होते आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. आमच्याकडची जुनी घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान्‌पिढ्या भरवशाचे वाटलेले तेच माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी परिसरात १९९२ पासूनच लहान धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, आणि लोकांनी ते सांगितलेही होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते, कारण पुढे कित्येक वर्षे माणसांच्या मनाला जी बोच लागून राहिली ती केवळ घर पडल्याची नव्हती. धोका कळत असताना त्या रात्री आपण लेकरांना घेऊन अंगणात का झोपलो नाही, असे आईबाप स्वतःलाच विचारत राहिले. नुकसानभरपाईच्या कोणत्याही अर्जात या प्रश्नाला जागा नव्हती.

आमची शाळा पुन्हा सुरू झाली ती पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दिवसांत हजेरी घेणे हे सर्वांत अवघड काम होते. जुने हजेरीपत्रक ढिगाऱ्यात गेले होते, म्हणून मुलांनाच विचारून नवी यादी करायची, आणि मुले आपल्या शेजारी बसणाऱ्या, आता नसलेल्या मुलाचेही नाव सांगायची. त्या नावांचे काय करायचे हे आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आमच्या मुख्याध्यापकांनी ती नावे एका वेगळ्या वहीत लिहून ठेवायला सांगितली. मुले अधूनमधून ती वही मागून घेत, भावाचे किंवा मैत्रिणीचे नाव काढून पाहत आणि परत आणून देत. पत्र्यावर पावसाची सर वाजली किंवा रस्त्याने ट्रक धडधडत गेला की आख्खा वर्ग बाहेर धावे, आणि त्यात आम्ही शिक्षकही असू. चौथीतला एक मुलगा वर्षभर दाराजवळच बसला. तो तिथे बसून नीट शिकत होता, म्हणून आम्ही त्याची जागा बदलली नाही. एका मुलीने चित्रकलेच्या तासाला घर काढले आणि त्याला छप्परच काढले नाही. तिला विचारले तर म्हणाली, 'बाई, छप्पर नसलं की पडत न्हाई.' त्या काळात मुलांच्या मनावर काय उपचार झाले असे कोणी विचारले, तर ठरलेल्या वेळी वाजणारी शाळेची घंटा, रोज तीच बाई समोर असणे आणि ती वही, एवढेच मला सांगता येईल. पुढे वाचनातून कळले की अशा मुलांसाठी तज्ज्ञ जे सांगतात त्यात पहिला क्रम याच गोष्टींचा लागतो: रोजचा ठरावीक दिनक्रम, ओळखीचे मोठे माणूस आणि गेलेल्या माणसांबद्दल बोलण्याची मोकळीक.

झोप उडणे, लहानशा आवाजाने दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहणे, त्या जागेकडे पाय न वळणे, अन्नावरची वासना जाणे किंवा उलट काहीच न वाटणे, या सगळ्या एवढ्या मोठ्या आघातानंतरच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत. बहुसंख्य लोकांमध्ये त्या काही आठवड्यांत, काही महिन्यांत हळूहळू ओसरतात. महिना उलटून गेल्यावरही त्या तशाच राहिल्या आणि रोजचे जगणे अडू लागले, तर मात्र तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने १९८० साली या विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले आणि त्यावर औषधोपचार व समुपदेशनाचा उपयोग होतो. आमच्या गावांत त्याला 'धसका घेतला' म्हणत आणि त्यावर अंगारा, गंडा-दोरा चाले. मी त्याला नावे ठेवत नाही, कारण देवळातल्या पुजाऱ्याने तासभर ऐकून घेतले तरी माणसाला बरे वाटे, आणि दुसरे ऐकून घेणारे होतेच कोण? तरीही औषधाची गरज असलेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे तशीच राहिली, हे सत्य आहे. नव्या गावठाणात पक्के घर मिळूनही अंगणात पत्र्याचा आडोसा करून तिथेच झोपणारे म्हातारे मी भूकंपानंतर कैक वर्षांनी पाहिले आहेत. सिमेंटचे छत त्यांना आधाराचे वाटेना.

आता कौतुकाच्या मुद्द्याकडे येते. आघातानंतर माणसाची मानसिक वाढ होऊ शकते, हा विचार मानसशास्त्रात नीट मांडला गेला तो नव्वदच्या दशकात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट येथील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये २१ विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि ही वाढ पाच अंगांनी दिसते असे सांगितले: इतरांशी असलेली नाती अधिक घट्ट होणे, आयुष्यात नव्या वाटा दिसणे, आपण सोसू शकतो याची जाणीव होणे, श्रद्धेत किंवा अध्यात्मात बदल होणे आणि जगण्याचे मोल अधिक कळणे. योगायोग असा की ज्या वर्षांत ते हे लिहीत होते त्याच वर्षांत आमच्याकडे ती पाचही अंगे आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. पण त्यांच्या मांडणीतील एक भाग कौतुकाच्या लेखांतून हमखास गळतो. ही वाढ आपत्तीमुळे होत नाही; आपत्तीने जगाविषयीच्या आपल्या सगळ्या समजुती मोडून टाकल्यावर त्या पुन्हा जुळवताना जी धडपड करावी लागते तिच्यातून ती होते. आणि वाढ झाली म्हणजे दुःख संपले असे नसते. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी, वर्षानुवर्षे नांदतात. मी ज्या बाईला सरपंचपदाच्या खुर्चीवर बसून अधिकाऱ्यांना खडसावून प्रश्न विचारताना पाहिले, तीच बाई विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजू लागले की घराची कवाडे लावून घेत असे.

मनाच्या या उभारीचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्याकडच्या बायकांचे आहे आणि त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. ५२ गावे नव्याने वसवली गेली, तशीच शेकडो गावांतील तडे गेलेली घरे आहे त्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या राज्य शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमाचाच तो भाग होता. घरमालकाला हप्त्याहप्त्याने अनुदान मिळायचे आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे. इथे शासनाने प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाची जबाबदारी दिली आणि सुमारे १३०० गावांत महिला मंडळांमधून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. ज्या बाईने तोवर ग्रामसभेच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता, ती घरोघर जाऊन समजावून सांगू लागली की माळवदावरची जास्तीची माती उतरवा, भिंतीच्या दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे दगड बसवा, खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके आधार द्या. अभियंता आला की त्याच्याबरोबर ती मोजमाप घेई, पुढचा हप्ता का अडला ते तालुक्याला जाऊन विचारून येई आणि गवंड्याने सिमेंटमध्ये वाळू जास्त घातली तर काम थांबवी.

हे सगळे करणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची मुले गेलेली होती. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितलेले मी विसरलेले नाही. ती म्हणाली, 'दुसऱ्याच्या घराची भिंत तपासून आले की त्या रातीला झोप लागती. ह्या घरातलं लेकरू तरी वाचंल, असं वाटतं.' भिंतीखाली आपले लेकरू गेले त्या आईने दुसऱ्यांच्या भिंती तपासत हिंडणे, याहून मोठा मानसोपचार मला माहीत नाही, आणि तो तिला कोणी दिलेला नव्हता. तिला फक्त काम दिले होते, त्या कामाचे ज्ञान दिले होते आणि तिचे ऐकले जाईल अशी जागा दिली होती. पुढे याच मंडळांचे बचत गट झाले, त्यातून छोटे व्यवसाय निघाले, काही जणी पंचायतीत निवडून आल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांबरोबर राहिल्या आणि आपले अनुभव त्यांनी सांगितले. गुजराती येत नव्हते तरी त्यांचे काम अडले नाही, असे जाऊन आलेल्यांकडून मी ऐकले आहे. आपण सोसलेले दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडले, ही भावना माणसाला किती बळ देते हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते.

याच्या उलट चित्रही तितकेच खरे आहे. जिथे लोकांना केवळ घेणारे बनवून ठेवले तिथे मने लवकर उभी राहिली नाहीत. स्थलांतरित गावांमध्ये जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. घरे भूकंपाला टिकणारी होती, रस्ते रुंद होते, देणगीदारांचे हेतू चांगले होते, आणि त्या वेळच्या प्रशासनाने अहोरात्र काम केले हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण बहुतेक ठिकाणी आराखडा बाहेरून आला. एका वाड्यात, एका बोळात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली घरे चार दिशांना गेली. जनावरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, दुपारी बायकांनी कोणाच्या ओसरीत बसायचे, याचा विचार कागदावर नव्हता. म्हातारी माणसे घरासमोरून जाणाऱ्या रुंद रस्त्याकडे पाहत दिवस काढू लागली. ज्या शेजारणीच्या गळ्यात पडून रडता आले असते ती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. आघातानंतर माणसाला सर्वांत जास्त आधार शेजारपाजाराचा आणि भावकीचा असतो, असे जगभरचे अभ्यास सांगतात. आमच्याकडे पुनर्वसनातच तो आधार कित्येकांचा सुटला.

पुरुषांची स्थिती वेगळीच होती. रडायचे नाही, कर्तेपण सांभाळायचे, पंचनामा, दाखले, बँक हे सगळे करायचे, आणि मनात साठलेले मात्र कोणापाशी उघडायचे नाही. हातात मदतीचे पैसे होते आणि शेत करायला मन नव्हते; दारूने कितीतरी घरे भूकंपानंतर पोखरली. बायको गेलेल्या पुरुषांची लग्ने वर्षा-दोन वर्षांत लागली, नवरा गेलेल्या बायकांची क्वचितच. लेकरे गेलेल्या आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या काही बायका ती उलटवून घेण्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या मारत होत्या, आणि ज्यांना यश आले नाही त्यांना घरात काय ऐकावे लागले ते मी इथे लिहीत नाही. यांच्यापैकी कोणाचीही कहाणी वर्धापनदिनाच्या लेखात येत नाही.

आईबाप गमावलेल्या मुलांबद्दल एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. या मुलांपैकी कितीतरी जण शिकून नोकरी-व्यवसायाला लागले आणि त्यातील काही आज दुसऱ्या आपत्तीत मदतीला धावतात. मुलांना त्यांच्या मुलखापासून दूर न्यावे की जवळ ठेवावे, यावर तेव्हाही आमच्यात मतभेद होते. माझे मत असे की अंतरापेक्षा भावंडे एकत्र राहिली की नाही, सुट्टीत गावी येऊन चुलत्या-मामांकडे राहता आले की नाही, आणि ज्या माणसाला मूल आपले मानू लागले ते माणूस वर्षानुवर्षे टिकले की नाही, याला जास्त महत्त्व आहे. दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या काळजीवाहकांच्या हाती मूल दिले तर प्रत्येक बदली त्याला नव्याने पोरके करते.

श्रद्धेचा विषय मी टाळणार नाही. भूकंपानंतर देवाचे नाव टाकणारी माणसे मी पाहिली आणि आधी कधी देवळात न गेलेली माणसे भजनी मंडळात बसू लागलेलीही पाहिली. त्या दिवसांत पाऊस लागला होता, लाकडे मिळत नव्हती आणि सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. कित्येकांना आपल्या माणसाचे तोंडही पाहता आले नाही. न झालेल्या निरोपाची ती सल फार खोल असते. नंतर जेव्हा गावोगाव एकत्र श्राद्ध, भजन, कीर्तन झाले, किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहण्याची प्रथा पडली, तेव्हा लोकांना आपले दुःख चारचौघांत मांडायला एक जागा आणि एक दिवस मिळाला. बाहेरून येणाऱ्या सुशिक्षितांना हे कर्मकांड वाटण्याचा संभव आहे. मला स्वतःला कर्मकांडाची ओढ नाही, तरी सबंध गाव एका दिवशी एकत्र बसून आपल्या माणसांची नावे घेते, याचे मोल मी जाणते.

समुपदेशनाविषयीही स्पष्ट लिहायला हवे. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात शहरातून पथके येतात, लोकांना गोलात बसवून 'काय झाले, कसे वाटले' हे सविस्तर सांगायला लावतात, आणि चार दिवसांनी निघून जातात. एकाच बैठकीत आघाताची उजळणी करून घेण्याच्या या पद्धतीचा उपयोग होत नाही, काहींना त्याचा त्रासच होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. तिने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत सांगितलेले अगदी साधे आहे: आधी परिस्थिती पाहा, माणूस बोलत असेल तर ऐका, आणि त्याला लागणारी मदत, माहिती व त्याची आपली माणसे यांच्याशी त्याची गाठ घालून द्या. बोलण्याची सक्ती करू नका, खोटा दिलासा देऊ नका. 'देवाची इच्छा', 'तुम्ही वाचलात हेच नशीब', 'आता मागचे विसरा' ही वाक्ये आमच्या लोकांनी भूकंपानंतर हजारदा ऐकली. ज्याची दोन मुले गेली त्याला तिसरे वाचल्याचे भाग्य सांगणाऱ्या माणसाचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याचे तोंड त्यानंतर कायमचे मिटते. तुमच्या-आमच्या माळीणच्या, इर्शाळवाडीच्या, तळियेच्या लोकांनीही हेच ऐकले असणार. ३० जुलै २०१४ ला माळीणवर दरड कोसळली आणि १५१ जणांचा बळी गेला. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी नवी घरे बांधून झाली की विषय संपला असे आपण मानतो.

धोरणाच्या कागदावर हा विषय नाही असे नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच प्रसिद्ध केली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ च्या सुमारास सुरू केलेला 'प्रेरणा' प्रकल्प आहे, आणि १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीत बोलता येते. वाचकांनी हा क्रमांक आपल्या गावात लिहून लावावा, अशी माझी विनंती आहे. अडचण अशी की ज्याची जमीन खरडून गेली आहे, ज्याची जनावरे दावणीला बांधलेलीच वाहून गेली आहेत, तो माणूस आपण होऊन फोन उचलत नाही. त्याच्या दारात कोणीतरी ओळखीचे जावे लागते, आणि ते एकदा जाऊन चालत नाही.

म्हणून शासनाकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे माझे मागणे असे आहे. पुराने वेढलेल्या गावांमध्ये आशाताई, अंगणवाडीताई आणि प्राथमिक शिक्षक यांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे, या कामाचा वेगळा मोबदला द्यावा आणि किमान तीन वर्षे ते काम चालू ठेवावे. आशाताईंवर आधीच इतक्या नोंदवह्यांचे ओझे आहे की मोबदल्याशिवाय आणखी एक वही देणे हे त्यांच्याशी अन्यायाचे होईल. पुनर्वसनाचा प्रत्येक निर्णय, मग तो गावठाणाच्या जागेचा असो, घराच्या नकाशाचा असो की खरडलेल्या जमिनीवर गाळ आणून टाकण्याच्या क्रमाचा असो, गावातल्या लोकांच्या समितीपुढे व्हावा आणि त्या समितीत निम्म्या बायका असाव्यात. घर बांधायचे असेल तर देखरेखीचे काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाकडे न देता गावातल्याच प्रशिक्षित बायका-पुरुषांकडे मानधनावर द्यावे. संवाद सहायकांचा अनुभव हाताशी असताना तो प्रत्येक आपत्तीत नव्याने शोधायची गरज नाही. त्या कामातल्या कितीतरी जणी आज साठी-सत्तरीत आहेत. त्या बोलावल्या तर येतील. धाराशिव जिल्ह्यातल्या पूरग्रस्त गावांत त्यांना पाठवायला फार खर्चही येणार नाही, कारण त्यांतल्या बऱ्याच जणी त्याच जिल्ह्यातल्या आहेत.

वृत्तपत्रांनाही एक विनंती. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत ज्याचे घर गेले त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक धरून 'आता काय भावना आहेत' असे आपल्या प्रतिनिधींनी विचारू नये, आणि रडणाऱ्या मुलाचे छायाचित्र त्याच्या पालकांच्या संमतीवाचून छापू नये. ज्याला उभे राहता आले त्याची यशोगाथा जरूर छापावी, पण त्याला कोणकोणते आधार मिळाले तेही त्याच बातमीत लिहावे: कर्ज कोणी दिले, मुले कोणी सांभाळली, कोणत्या शिक्षकाने, कोणत्या परिचारिकेने पाठपुरावा केला. नाहीतर 'त्याला जमले, तुला का नाही' हा प्रश्न त्याच गावातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्याच घरात विचारला जातो. मी तो विचारलेला ऐकला आहे.

पुरानंतरचा पहिला पावसाळा या गावांना फार जड जाणार आहे. रात्री पाऊस लागला की माणसे जागी बसतील, नदीच्या आवाजाकडे कान लावून बसतील, लहान मुले शाळेला जायला नकार देतील, आणि हे सारे त्यांना स्वतःला वेडेपणा वाटेल. असे होणे स्वाभाविक आहे हे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलेले असले तर त्यातली निम्मी भीती कमी होते, हा आमचा भूकंपानंतरच्या पहिल्या वर्षाचा अनुभव आहे. तेव्हा प्रशिक्षणाचे आणि समित्यांचे काम मे महिन्याच्या आत पुरे व्हावे आणि मृग लागण्यापूर्वी ही माणसे गावागावांत पोहोचलेली असावीत, अशी मागणी मी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून करत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा लातूर